लोखंडानं टोपी काढली

"पॅलेडियम? फेकून द्या ते गटारात! मी लोखंडानं टोपी काढतो, लोखंडानं!"

रसायनाच्या लॅबमधले वस्ताद हे चहाच्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले आणि ताईचा कप कलंडला. सगळा चहा तिच्या पांढऱ्या कोटावर! पुढं काय वाढून ठेवलंय ते त्या कपाला आधीच कळलं होतं. पण कपाचं ऐकतो कोण?

टोपी म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. शास्त्राचं नाव काढलं की लोक पान उलटतात, म्हणून सोपं करून सांगतो. आणि 'हे सोपं करून सांगताच येत नाही' असं म्हणणाऱ्यांना ते स्वतःलाच कळलेलं नसतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

औषधाचा मोठा रेणू बनवायचा म्हणजे एकेक तुकडा जोडत जायचं. त्या रेणूवर जागोजागी अल्कोहोलचे गट असतात. हे गट म्हणजे चौकस आत्याबाई! काम कुठंही चालू असो, त्या मध्ये नाक खुपसणारच. म्हणून त्यांच्या डोक्यावर एकेक टोपी घालून ठेवतात. टोपी आहे तोवर आत्याबाई मुकाट बसतात. बाकीचं सगळं उरकलं की शेवटी टोपी काढायची. घालणं सोपं, काढणं महाकर्मकठीण! हलक्या हातानं ओढावी तर हलत नाही, जोर लावावा तर टोपीबरोबर डोकंच हातात येतं. म्हणून पॅलेडियम नावाचा धातू लागतो. तो टोपीला अलगद धरतो, उचलतो, बाजूला ठेवतो आणि पुढच्या टोपीकडं वळतो. स्वतः काही संपत नाही, त्यामुळं चिमूटभर पुरतो. सज्जन धातू! फक्त महाग.

आणि महाग म्हटलं की सरांच्या पोटात दुखायचं. सर म्हणजे या लॅबचे धनी. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं काच धरली असेल तर ती चष्म्याची. पण लॅबमध्ये जे जे लागलं ते त्यांनीच लावलं आणि जे जे फुटलं ते दुसऱ्यानं फोडलं, असा त्यांचा ठाम सिद्धांत होता. अशी माणसं वर कशी जातात हे मला विचाराल तर मी सांगतो. खालची माणसं खांदा देतात म्हणून जातात!

तर त्या दिवशी कोट पिळत ताई म्हणाली, "वस्ताद, माझ्या बाटलीला हात लावलास तर याद राख. लोखंडानं म्हणे टोपी निघते! उद्या म्हणशील, पाण्यानं दाढी निघते."

"ताई, तू बघशीलच!"

"बघतेय ना. कोट बघतेय."

ताईची बाटली ही साधीसुधी बाटली नव्हती. समुद्रातल्या एका स्पंजात सापडणारा रेणू ताई वर्षानुवर्षं बनवत होती. तुकड्याला तुकडा जोडताना निम्मा माल वाटेतच गळायचा. शेवटी बोटाएवढ्या बाटलीच्या तळाशी मधाच्या थेंबासारखं पिवळं काहीतरी उरलं होतं. ती ताईची सगळी कमाई. त्या थेंबाच्या डोक्यावर एकच टोपी शिल्लक होती. ती निघाली की बाटली सरांच्या ताब्यात आणि ताई मोकळी! दुसऱ्या शहरात तिची नोकरी ठरलेली, नवरा आणि लेक आधीच जाऊन राहिलेले. लेक रोज फोनवर विचारायची, "आई, निघाली का गं टोपी?"

आणि सरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "बाटली दिल्याशिवाय सुटका नाही."

आता वस्तादांच्या लोखंडाबद्दल. ते थापा मारत नव्हते हो! त्यांनी साध्या नमुन्यावर गंजाच्या रंगाची चिमूटभर लोखंडाची पूड टाकली, ढवळायच्या चक्रीवर फिरत ठेवली, चहा पिऊन आले, आणि टोपी निघालेली! पुन्हा केलं, पुन्हा निघाली. जेव्हा जेव्हा करावं तेव्हा तेव्हा टोपी मान खाली घालून बाहेर! वस्ताद आनंदानं फुगले. इतके, की दारातून तिरके जायला लागले.

ही बातमी सरांच्या कानावर गेली. सर खुर्चीतून उठले, ही दुसरी बातमी.

"लोखंड? पॅलेडियमच्या जागी लोखंड? अरे, मग आपण पॅलेडियम मागवतोय कशाला?"

आणि वस्तादांनी छाती पुढं काढून जगातलं सगळ्यात महागडं वाक्य उच्चारलं. "गरजच नाही, सर!"

सरांनी तिथल्या तिथं फोन करून पॅलेडियमची मागणी रद्द केली. लॅबमधली पॅलेडियमची जुनी बाटली तर ताईनं मागंच खरवडून संपवली होती. तिला हे कळलं तेव्हा तिच्या हातात काचेचं नळकांडं होतं. तिनं ते हळूच खाली ठेवलं. वस्तादांच्या डोक्यात न घालता खाली ठेवलं, याला मी संयम म्हणतो.

"आता नवीन यायचं म्हणजे दीड-दोन महिने! माझी नोकरी काय तुझ्या लोखंडाची वाट बघत बसणारे?"

"ताई, कशाला हवंय नवीन? मी काढतो की तुझी टोपी. दोन तासांचं काम!"

इथं एक छोटीशी अडचण आली. लॅबमध्ये शंकासुर नावाचा एक गडी होता. म्हणजे आईबापांनी नाव चांगलं ठेवलेलं, पण सूर्य उगवला तरी 'कशावरून?' म्हणायचा, म्हणून शंकासुर. त्यानं वस्तादांची पद्धत जशीच्या तशी करून पाहिली. तीच पूड, तोच नमुना, तीच चक्री. टोपी ढिम्म! पुन्हा केली. ढिम्म! मग लॅबमधल्या आणखी दोघांनी केली. टोपीनं त्यांनाही भीक घातली नाही.

वस्तादांनी केलं की लगेच निघाली.

खरं तर इथंच सगळ्यांनी थांबून विचार करायला हवा होता. अंगावर पांढरे कोट कशाला घातलेत? पण नाही! माणूस शिकला की त्याची अंधश्रद्धा जात नाही, इस्त्री करून घालतो एवढंच.

"वस्तादांच्या हाताला गुण आहे," कुणीतरी म्हणालं.

झालं! 'हाताला गुण' हे वस्तादांना इतकं गोड लागलं की त्यांनी ते नाकारलंच नाही. मग संशोधन सुरू झालं, पण वस्तादांवर! ते प्रयोग करताना कोणता स्वेटर घालतात? तो कोपराला भोक पडलेला, वांग्याच्या रंगाचा. कोणतं गाणं गुणगुणतात? कुठलंही, पण बेसूर. उभे कोणत्या पायावर राहतात? डाव्या. शंकासुर दुसऱ्या दिवशी त्याच रंगाचा स्वेटर घालून, डाव्या पायावर उभा राहून, बेसूर गात प्रयोग करताना दिसला. टोपी काही निघाली नाही, पण पाय मात्र मुरगळला.

घरी वस्तादांची कॉलर इतकी ताठ झाली की मान वळेना. बायको म्हणाली, "एवढं काय मोठं काढलंस म्हणायचं?"

"टोपी!"

"कुणाची?"

"अल्कोहोलची!"

हे सासूबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्या गुडघेदुखीनं बेजार होऊन लेकीकडं राहायला आल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीत सांगून टाकलं, "आमचे जावई ऑफिसात दारूची टोपणं काढतात. फार हुशार हो! सगळ्यांना जमत नाही म्हणे." तेव्हापासून खालच्या मजल्यावरचे काका वस्तादांकडं पाहून मोठ्या आपुलकीनं हसायला लागले.

एक दिवस सर आले आणि दारातूनच ओरडले, "पाहुणे येताहेत! औषध कंपनीचे! आपली लोखंडाची पद्धत त्यांना डोळ्यांनी बघायचीय. ताईच्या मालावरच करून दाखवायची. एका दगडात दोन पक्षी!"

दोन्ही पक्षी एकमेकांकडं बघायला लागले.

ताईनं हात जोडले. "सर, निम्मा माल देते. सगळा नाही."

"निम्मा तर निम्मा. आणि लॅब आरशासारखी झाली पाहिजे!"

मग काय, झाडू, फडकी, साबण! जी माणसं स्वतःचा डबा विसळत नाहीत ती काचा घासायला लागली. वस्तादांनी तर आपला कोपरा असा लखलखवला की तिथं उभं राहिलं तरी डोळे दिपावेत. भांडी नवी, चिमटे नवे. आणि भांड्याच्या तळाशी गरगर फिरून द्रव ढवळतो तो मॅग्नेट, म्हणजे प्लास्टिकात गुंडाळलेला गोळीएवढा लोहचुंबक, तोही नवा! पाकिटातला, पांढराशुभ्र! त्यांचा रोजचा मॅग्नेट काळाकुट्ट पडलेला, एका टोकाला टवका उडालेला. जुनाट ड्रॉवरच्या तळाशी त्यांना तो कधीतरी सापडला होता. कितीही धुवा, काळा तो काळाच. पाहुण्यांना हे दाखवायचं? छे! वस्तादांनी तो स्वेटरच्या खिशात टाकला आणि विसरले.

इकडं घरी बायकोनं विचार केला, उद्या एवढे मोठे पाहुणे आणि आपला माणूस हा कळकट स्वेटर घालून जाणार? तिनं स्वेटर धुवायला टाकला. सकाळी वस्ताद बघतात तर स्वेटर दोरीवर, पाणी गळतंय!

"अगं! हे काय केलंस?"

"धुतला. आभार मान."

"अगं, त्याच्यावर माझा प्रयोग..." पण पुढचं वाक्य बाहेर काढायची लाज वाटली आणि वस्ताद तसेच गेले.

पाहुणे दोन. एक जाड, एक बारीक. जाडे प्रश्न विचारायचे, बारके जांभया द्यायचे. सरांनी प्रस्तावना केली ती इतकी लांब, की तेवढ्यात दहा टोप्या निघून परत बसल्या असत्या. "पॅलेडियमचं युग संपलं आहे! आजपासून लोखंडाचं युग!" मानवजातीनं लोखंडाचं युग केव्हाच ओलांडलंय हे सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

ताईनं आपला निम्मा थेंब दिला. वस्तादांनी लोखंडाची पूड टाकली, चक्री सुरू केली. पांढराशुभ्र मॅग्नेट ऐटीत फिरायला लागला. वस्ताद डाव्या पायावर उभे राहिले.

टोपी निघाली की नाही हे बघायला एक पातळ पट्टी असते, तिला प्लेट म्हणतात. तिच्या खालच्या कडेला द्रवाचा ठिपका द्यायचा आणि कडा बुडवून ठेवायची, की ठिपका वर चढत जातो. निळ्या दिव्याखाली धरली की तो दिसतो. टोपीवाला रेणू वर पोचतो, टोपी निघालेला खालीच रेंगाळतो. एवढं सोपं.

पहिली प्लेट. ठिपका वर.

"सुरुवातीला वेळ लागतो," वस्ताद म्हणाले.

दुसरी प्लेट. ठिपका वर. वस्तादांनी पाय बदलला, मग पुन्हा डाव्यावर आले. गुणगुणायला लागले.

जाडे म्हणाले, "हे गातात का?"

"एकाग्रतेसाठी," सर दात दाखवत म्हणाले. मग दात न हलवता वस्तादांच्या कानात, "निघत का नाहीये रे?"

"स्वेटर, सर..."

"काय स्वेटर?"

"बायकोनं धुतला!"

तिसरी, चौथी, पाचवी प्लेट. ठिपका आपला माडीवर बसल्यासारखा वरच! बारक्यांनी शेवटची जांभई दिली, ती निरोपाची होती. जाडे जाताना म्हणाले, "लोखंडाचं युग आलं की कळवा."

वस्तादांचा चेहरा असा झाला की त्यावरच टोपी घालून झाकून ठेवावा. ताईनं आपला निम्मा थेंब गाळून, धुऊन परत मिळवला. नशीब, टोपीसकट शाबूत होता. पण येत्या सोमवारी तिला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. कंपनीनं आणखी थांबायला साफ नकार दिला होता. आणि टोपी जागची हलली नव्हती.

संध्याकाळी फोनवर लेकीला ती एवढंच म्हणाली, "नाही गं अजून." ते वस्तादांनी ऐकलं. आणि मग मात्र त्यांना खरंच लाज वाटली. पण लाज वाटली की काही माणसं काय करतात? बायकोवर ओरडतात!

"तुला कुणी सांगितला होता स्वेटर धुवायला?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं घडी अर्धीच ठेवली. "म्हणजे? तुझं एवढं मोठं शास्त्र माझ्या वॉशिंग मशीनमध्ये वाहून गेलं?"

"तसं नव्हे, पण..."

"मग कसं? मला नीट समजावून सांग. पावडरनं गेलं की नुसत्या पाण्यानं? आणि तसं असेल तर तुझ्या सरांचा शर्टही आणून दे, मी धुते. काही गेलं तर बरंच होईल!"

वस्तादांनी वाळलेला स्वेटर घातला आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये साध्या नमुन्यावर पुन्हा प्रयोग केला. नाही निघाली. गाऊन केला, न गाता केला, डाव्या पायावर, उजव्या पायावर, शेवटी स्टुलावर बसून केला. नाही! शंकासुर बाजूला उभा राहून म्हणाला, "स्वेटर परत मळवून बघायचा का?" आणि सर, हो, सर म्हणाले, "बघायला काय हरकत आहे?" खरं सांगतो, तिथं भिंतीवर अडकवलेल्या पदव्यांनी त्या क्षणी तोंडं भिंतीकडं फिरवली असणार!

वस्ताद दुपारीच घरी आले आणि सोफ्यावर पालथे पडले. एवढ्यात समोरून सासूबाई गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. तुरुतुरु!

वस्तादांनी एक डोळा उघडला. "आई, तुमचा गुडघा?"

"बघा की!" सासूबाईंनी जागच्या जागी एक गिरकी घेतली. "परवापासून दुखायचं नाव नाही. तुमच्याच कृपेनं!"

"माझ्या?"

"तुमच्या स्वेटरच्या खिशात तो मॅग्नेट होता ना काळा? हिनं काढून फ्रिजला लावून ठेवला होता. मी म्हटलं, मॅग्नेटनं गुडघे बरे होतात म्हणतात. आधी फ्रिजवरचा तो सफरचंदाचा बांधून पाहिला होता मी. काडीचा फरक नाही! मग हा काळा बांधला, आणि काय सांगू! मॅग्नेट-मॅग्नेटमध्ये फरक असतो, जावईबापू!"

वस्ताद ताडकन उठून बसले.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, मॅग्नेट-मॅग्नेटमध्ये..."

"फरक असतो!" वस्ताद किंचाळले. स्वेटर तोच होता. गाणं तेच. पाय तोच. पूड तीच. नवा होता तो फक्त मॅग्नेट! पाहुण्यांसाठी मिरवायला आणलेला तो पांढराशुभ्र! शंकासुराचाही पांढराच! "आई, तो द्या! आत्ताच्या आत्ता द्या!"

सासूबाईंनी दोन्ही हातांनी गुडघा धरला. "मुळीच नाही!"

"आई, ताईची नोकरी आहे त्याच्यावर!"

"आणि माझं चालणं? इतक्या वर्षांनी गिरकी घेतली मी! जावई असाल तुमच्या घरी!"

"हे माझंच घर आहे, आई!"

"म्हणूनच तर गुडघा इथं बरा झाला!"

आतून बायको आली. प्रकरण ऐकून तिनं निकाल दिला. "मॅग्नेट पाहिजे तर आईला घेऊन जा. आईशिवाय मॅग्नेट जाणार नाही." आणि वर पुटपुटली, "धुतला होता मी स्वेटर, मॅग्नेट नव्हे. लक्षात ठेव."

अशा रीतीनं सासूबाई गुडघ्यासकट लॅबमध्ये दाखल झाल्या. शंकासुरानं त्यांना डोळ्यांवर लावायचा जाड चष्मा दिला. तो त्यांनी इतक्या रुबाबात लावला की दारातून डोकावलेल्या सरांनी चुकून नमस्कार केला. वरिष्ठ पाहुण्या वाटल्या असाव्यात.

"त्या टोपणं काढायच्या बाटल्या कुठायत हो?" सासूबाईंनी चौफेर बघत विचारलं. "एकही दिसत नाही!"

ताई खाली बसली आणि गुडघ्यावरची पट्टी सोडायला लागली. आतून मलमाचा भपकारा आला आणि काळा मॅग्नेट तिच्या तळहातावर पडला. तिनं तो उजेडात धरला. टोकाचा टवका बघितला. मग त्यावरून नख फिरवलं.

"काय गं ताई?"

"वस्ताद, हा तुला कुठं मिळाला?"

"जुन्या ड्रॉवरमध्ये."

"हा माझा आहे! मी टाकून दिला होता. किती तरी महिने पॅलेडियममध्ये फिरला हा. त्यानंच काळा पडला." ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग ओठांचा एक कोपरा हलला. "तुझं लोखंड-बिखंड काही नाही, वस्ताद. टोपी या काळ्यानं काढली!"

"म्हणजे?"

"म्हणजे याच्या अंगाला पॅलेडियम चिकटलंय. कण-कण. धुतलं तरी न जाणारं. तू पुढं लोखंड मिरवत होतास आणि मागून हा बिचारा गुपचूप काम करत होता!"

"अशक्य!" वस्तादांचा आवाज चिरकला.

"बघू या की. शास्त्रज्ञ ना आपण?"

ताईनं मॅग्नेट धुऊन मलम काढलं. साध्या नमुन्यात टाकला. लोखंडाच्या पुडीचा डबा वस्तादांनी पुढं केला, तो तिनं हलकेच बाजूला सारला. "याच्याशिवाय." वस्ताद डबा छातीशी धरून उभे राहिले, पोरक्या पोरासारखे. आता त्यांच्या मनात दोन प्रार्थना एकदम चालू होत्या. टोपी निघू दे, ताई सुटू दे! आणि टोपी न निघू दे, माझं लोखंड वाचू दे! अशी प्रार्थना कुणी एकदा करून बघा, घाम फुटतो.

प्लेट आली. निळ्या दिव्याखाली सगळ्यांची डोकी एकत्र आली. सासूबाईंचंही.

वरचा ठिपका गायब. खाली एक नवा, ठसठशीत!

वस्तादांनी डबा खाली ठेवला. मग आपला लाडका स्वेटर काढून खुंटीला अडकवला. आणि मोठ्यानं म्हणाले, "ताई, तुझी बाटली आण!" मला हा माणूस त्या क्षणी पहिल्यांदा आवडला.

ताईनं आपला अख्खा पिवळा थेंब काळ्या मॅग्नेटच्या हवाली केला. चक्री फिरायला लागली. कुणी चहाला गेलं नाही. शंकासुरानं 'कशावरून?' म्हणायला तोंड उघडलं आणि सासूबाईंच्या एका नजरेनं मिटलं. ताई खिडकीशी गेली, परत आली, प्लेट काढली, ठिपका अजून अर्धा वर, अर्धा खाली. सासूबाई म्हणाल्या, "उतरतोय. धीर धर पोरी. माझा गुडघाही लगेच उतरला नव्हता." पुढच्या प्लेटला वर काही उरलंच नव्हतं. ठिपका गुमान खाली येऊन बसला होता!

मग जो आरडाओरडा झाला! शंकासुर दोन्ही पायांवर नाचला. ताईनं वस्तादांना मिठी मारली, मग सासूबाईंना मारली, मग फोन लावला आणि एकच शब्द बोलली. "निघाली!" पलीकडून पोरीच्या किंकाळीनं सगळ्यांचे कान बसले.

आवाज ऐकून सर आले. सगळं ऐकून घेतलं. क्षणभर त्यांचा चेहरा पडला, पण सरांचा चेहरा फार वेळ पडून राहणारा नव्हे. त्यांनी लगेच पाहुण्यांना फोन लावला. "अतिसूक्ष्म पॅलेडियम! डोळ्यांना दिसत नाही इतकं! हो, हो, माझा पहिल्यापासून हाच आग्रह होता. लोखंड? ते आमच्या एका पोराचं खूळ होतं."

पोर शेजारीच उभा होता. चाळिशीकडं झुकलेला.

ताई रविवारीच गेली. बाटली तपासायला दिली होती, ती तपासणाऱ्यांनी कळवलं, माल उत्तम, फक्त मलमाचा किंचित वास येतो, कारण समजत नाही. निघताना ताईनं काळा मॅग्नेट काचेच्या नळीत बंद करून वस्तादांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी शोध लागला की आधी मॅग्नेट बदलून बघ. मग मूठ आपट. आणि कप बघून आपट."

आता उरला एकच प्रश्न. सासूबाई!

मॅग्नेट गेला आणि त्यांचा गुडघा त्याच संध्याकाळी पुन्हा धरला. घरात कण्हणं सुरू झालं. बायकोनं वस्तादांकडं नुसतं पाहिलं. वस्तादांनी गुपचूप एक नवा पांढरा मॅग्नेट आणला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून मार्करनं काळा केला, कात्रीनं टोकाला टवका पाडला आणि सासूबाईंना नेऊन दिला.

सकाळी सासूबाई गिरक्या घेत बाहेर आल्या. "जावईबापू! हा तर आधीच्यापेक्षाही भारी! तुमच्या हाताला खरंच गुण आहे हो!"

वस्ताद बायकोला कानात म्हणाले, "म्हणजे गुण मॅग्नेटमध्ये नव्हताच!"

"मग? तुझ्या हातात तरी कुठं होता?"

लॅबमध्ये आता वस्तादांच्या हाताबद्दल कुणी बोलत नाही. पण इमारतीत मात्र त्यांच्या नावाचा डंका आहे! सासूबाईंनी आपलं प्रकरण मजल्यामजल्यावर सांगितलं. खालचे काका आता दारूच्या आशेनं हसत नाहीत, गुडघ्याच्या आशेनं हसतात. सुट्टीच्या दिवशी वस्ताद मार्कर घेऊन बसतात आणि मॅग्नेट काळे करतात. हा फक्त रंग आहे, हे त्यांनी सगळ्यांना खरं खरं सांगून पाहिलं. लोक म्हणतात, "विनय बघा किती!"

परवा सरांनी वस्तादांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. पडदा ओढला. वस्तादांना वाटलं, आता नोकरी जाते!

सर टेबलाच्या मागून लंगडत पुढं आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, तो एक काळा मला मिळेल का? डाव्या गुडघ्यासाठी."